उघडताना आधी कुणासाठी उघडलं?

कोरोनाच्या साथीत सीमा बंद केल्या हे चुकलं, असं मी म्हणत नाही. मार्च 2020 मध्ये कुणालाच काही ठाऊक नव्हतं. माझा राग उघडण्याच्या पद्धतीवर आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

तारखा बघा. देशातली विमानं 25 मे 2020 ला उडाली. आपली लालपरी एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायला लागली 20 ऑगस्टला. एसटीत बसणाऱ्याला ई-पास (जिल्हा ओलांडायची ऑनलाइन परवानगी) नको, पण तोच माणूस पेशंटला घेऊन भाड्याच्या गाडीने निघाला तर पास पाहिजे! केंद्रीय गृहसचिवांनी 22 ऑगस्टला सगळ्या राज्यांना पत्र लिहिलं की अडवाअडवी थांबवा. तरी आपल्याकडे पासची अट सुटली ती 2 सप्टेंबरला. पॅसेंजर गाड्या तर पुढे कितीतरी महिने उभ्याच होत्या, आणि धावल्या तेव्हा 10 रुपयांचं किमान तिकीट 30 चं झालं होतं. ते खाली यायला फेब्रुवारी 2024 उजाडला.

आम्हा वरुडकडच्यांना हे जास्त लागतं. जिल्हा अमरावती, पण मोठा दवाखाना म्हटला की नागपूर, आणि मधे जिल्ह्याची हद्द. वर मध्य प्रदेश. पांढुर्णा-मुलताईकडे घरोघरच्या सोयरिकी. संत्र्याच्या ट्रकला परवानगी मिळाली, पण तोडणारे मजूर हद्दीपलीकडचे. ते कसे येणार?

शेजारच्या काकूंची किमो नागपूरला चालू होती. दवाखान्याने डोस एक दिवस पुढे ढकलला. नाक्यावरच्या शिपायाने मोबाइल हातभर लांब धरून पास वाचला आणि म्हणाला, "काकू, ह्याच्यावर तं कालची तारीख हाय ना जी." काकूंनी फाईल काचेतून बाहेर धरली. त्यात डोसची नवी तारीख, शिक्का, डॉक्टरांची सही, सगळं होतं. ती कुणी हातातसुद्धा घेतली नाही. गाडी परत फिरली. शिपायाला मी बोल लावत नाही, फाईल बघून सोडायची मुभाच त्याला कुणी दिली नव्हती.

देशादेशांसाठी याचा नियम आहे. 2005 च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीप्रमाणे, जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यापलीकडे जाऊन जो देश प्रवास अडवतो त्याने त्याचं शास्त्रीय कारण द्यायचं आणि तीन महिन्यांच्या आत फेरविचार करायचा. पाळतात किती, ते ओमायक्रॉनच्या वेळी दिसलंच. नोव्हेंबर 2021 मध्ये दक्षिण आफ्रिकेने विषाणूचा हा नवा प्रकार प्रामाणिकपणे कळवला, तर विमानं तिचीच बंद झाली. नंतर कळलं की तो नेदरलँड्समध्ये आधीच पोचला होता. खबर देणाऱ्यालाच शिक्षा झाली तर पुढच्या वेळी खबर कोण देईल? (गावातही लोक ताप लपवायला लागले होते, ते याच भीतीने.) पण निदान कागदावर तरी नियम आहे. तालुक्याच्या नाक्यासाठी काय आहे?

माझं म्हणणं एवढंच आहे की बंदीच्या प्रत्येक आदेशावर ती पुन्हा कधी तपासणार याची तारीख हवी. पेशंटची फाईल हाच त्याचा पास धरावा. आणि उघडायची वेळ आली की आधी एसटी आणि मजूर, बाकीचे मागून. कुणी म्हणेल, एसटीत गर्दी होते. होते ना. मग अर्ध्या सीटा भरा, खिडक्या उघड्या ठेवा, फेऱ्या वाढवा. विमानात तर मधली सीटसुद्धा जून 2020 मध्येच चालली होती.

येत्या ग्रामसभेत मी हाच ठराव मांडणार आहे. तालुक्यातल्या बाकी गावांनीही मांडावा. मसुदा लिहून ठेवलाय, पाहिजे त्यांनी मेसेज करा. आणि ज्यांच्या घरी किमोचा, डायलिसिसचा पेशंट होता त्यांनी तो वाचून, त्यात काय राहिलं ते मला नक्की सांगा.