‘सेवाभाव असला की पुरे, एमएसडब्ल्यू कशाला?’ : फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, प्रवेशाचे दिवस आले की एक मेसेज ग्रुपांवर फिरायला लागतो. शब्द थोडे बदलतात, मुद्दे तेच असतात. समाजसेवा मनात असावी लागते, तिला डिग्री लागत नाही. बाबा आमट्यांनी कुठे एमएसडब्ल्यू केलं होतं? फिल्डवर्क, म्हणजे वस्तीत आणि संस्थांत जाऊन करायचं प्रत्यक्ष काम, हे संस्थांना मिळणारे फुकटचे हात. रेकॉर्डिंग, म्हणजे त्या कामाची लेखी नोंद, ही कारकुनी. आणि नोकरी तर कुणाही ग्रॅज्युएटला मिळते, मग दोन वर्षं का घालवायची?

यातला फिल्डवर्कचा मुद्दा बऱ्याच ठिकाणी खरा आहे आणि तो आम्ही मान्य करणार आहोत. बाकीच्या मुद्द्यांनी मात्र मुलामुलींची दिशाभूल होते, आणि त्याची किंमत ती मुलं नाहीत, तर त्यांच्यासमोर मदतीसाठी येऊन बसणारी माणसं मोजतात.

‘बाबा आमट्यांनी कुठे डिग्री घेतली होती?’

बाबा आमटे वकील होते हे खरं. पण कुष्ठरोग्यांसाठी काम करायचं ठरल्यावर ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्या रोगाचं शिक्षण घ्यायला गेले. अभय आणि राणी बंग डॉक्टर होते, तरी गडचिरोलीत काम उभं करण्याआधी ते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. म्हणजे ज्यांची नावं शिक्षणाविरुद्ध पुढे केली जातात, त्यांनी आपापल्या कामाला लागणारं शिक्षण मुद्दाम जाऊन घेतलेलं आहे. आणि समाजकार्याचं शिक्षण काही वस्तीपासून दूर जन्मलं नाही. 1936 साली मुंबईत सर दोराबजी टाटा स्कूल सुरू झालं ते नागपाड्याच्या नेबरहूड हाउसमध्ये, कामगार वस्तीच्या मधोमध. तेच पुढे टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, झालं.

‘मनात कळवळा असला की पुरतं’

कळवळा हवाच. तो नसेल तर या वाटेला येऊच नये. पण शाळेत फिल्डवर्कला असलेल्या विद्यार्थिनीवर हमखास येणारा एक प्रसंग बघा. तेरा वर्षांची मुलगी जवळ येऊन विचारते, ‘ताई, कुणाला सांगणार नाही ना?’ कळवळ्यातून लगेच उत्तर येतं, ‘नाही गं, शप्पथ.’ मग ती घरातल्या काकाबद्दल सांगते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ही माहिती स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा कलम 21 खाली गुन्हा आहे. शपथ मोडावीच लागते. काकाने एकदा विश्वास तोडलेला असतो, आता ताईनेही तोडला.

शिकलेल्या विद्यार्थिनीचं उत्तर आधीपासून वेगळं असतं: ‘तू सांगशील ते मी उगाच कुणाला सांगणार नाही. पण तुला कुणी त्रास देत असेल तर तुला सुरक्षित ठेवायला मला मोठ्यांची मदत घ्यावी लागेल, आणि कुणाला सांगणार ते आधी तुला सांगेन.’ हे वाक्य वर्गात रोल प्ले करून, अडखळत, दहादा म्हणून बघितल्याशिवाय ऐन वेळी तोंडात येत नाही.

दुसरी चूक म्हणजे खोदून विचारणं. ‘काकाने इथे हात लावला का?’ असा प्रश्न विचारला की शब्द मुलीचे राहत नाहीत, आणि कोर्टात बचाव पक्षाचा वकील नेमकं तेच धरतो. तपास पोलिसांचा. आपण ऐकायचं, तिच्याच शब्दांत टिपायचं, त्याच दिवशी सुपरवायझरला आणि मुख्याध्यापकांना सांगायचं. आणि सगळ्यांच्या आधी एक प्रश्न सोडवायचा: शाळा सुटल्यावर ही मुलगी घरी जाणार, काका तिथेच आहे, तर आज रात्री ती कुठे झोपणार? गडबडीत हाच प्रश्न सुटून जातो. अशा मुलांच्या काळजीचा निर्णय घेणारी बालकल्याण समिती आणि 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन यांचा उपयोग नेमका इथे असतो.

मारहाणीच्या केसमध्येही असंच होतं. नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समजूत घालावी असं भल्या माणसाला पहिल्यांदा सुचतं. नवऱ्यासमोर बाई खरं बोलत नाही, आणि बोललीच तर घरी गेल्यावर त्याची शिक्षा भोगते. म्हणून आधी बाईशी एकटीशी बोलायचं. टिसने मुंबई पोलिसांसोबत 1984 मध्ये सुरू केलेल्या, अत्याचारग्रस्त बायका-मुलांसाठीच्या स्पेशल सेलचं काम बाईची सुरक्षा मध्यभागी ठेवूनच उभं राहिलं.

‘फिल्डवर्क म्हणजे फुकटची मजुरी’

हाच तो बराचसा खरा मुद्दा. विद्यार्थ्यांना सर्व्हेचे फॉर्म भरायला, कार्यक्रमाच्या खुर्च्या मांडायला आणि फोटो काढायला वापरणाऱ्या संस्था आहेत. महिन्याच्या शेवटी फाइलवर एकदम चार सह्या करणारे शिक्षकही आहेत. पण यातून फिल्डवर्क निरुपयोगी आहे असं ठरत नाही. या विद्यार्थ्यांना फिल्डवर्क मिळालंच नाही, एवढंच ठरतं.

आठवड्याला दोन दिवस म्हणजे साधारण 15 तास, आणि सत्राला 14-15 आठवडे धरले तर चार सत्रांचे साडेआठशे ते नऊशे तास होतात. ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे एका संस्थेत सलग काही आठवडे काम, ती वेगळी. एवढ्या तासांत काय व्हायला हवं? पहिले दोन-तीन आठवडे नुसतं फिरणं आणि नकाशा काढणं: नळ कुठे, रेशनचं दुकान कुठे, बायका कुठे बसतात, संध्याकाळनंतर कुठून जायचं टाळतात. मग दोन-तीन केसेस, शेवटपर्यंत नेलेल्या. मग आठ-दहा जणांचा एक गट. गट उघड्या ओट्यावर भरवला की तिसऱ्या बैठकीला कडेवरची भावंडं धरून पंचवीस पोरं जमतात आणि गटकार्याचं पाळणाघर होतं. जागा बंद असावी, वेळ ठरलेली असावी आणि सदस्य पहिल्या दोन बैठकींत पक्के करावेत, हे तिथेच कळतं. फोटोंबद्दलही बजावून सांगायला हवं: बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या किंवा विधिसंघर्षग्रस्त (म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या) बालकाची ओळख उघड करता येत नाही. बालगृहातल्या मुलांबरोबरचा सेल्फी स्टेटसला ठेवणं यातच येतं.

हॉस्पिटलमध्ये फिल्डवर्कची प्लेसमेंट असेल तर धर्मादाय रुग्णालयांची योजना तोंडपाठ हवी. 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात, आणि रुग्णाची आर्थिक स्थिती पडताळण्याचं काम योजनेने वैद्यकीय समाजसेवकाकडेच दिलेलं आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेखालचं रेशनकार्ड लागतं. गावाहून रात्री धावत आलेल्या माणसाकडे यातलं काही नसतं. कुठला कागद आज चालेल, कुठला उद्या मागवायचा, गावातून तो व्हॉट्सअ‍ॅपवर कोण पाठवेल, हे त्याच्याशी शांतपणे बोलून ठरवावं लागतं. बिल हातात पडल्यावर ही धावपळ सुरू केली तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

‘रेकॉर्डिंग ही कारकुनी’

पहिल्या महिन्यातलं रेकॉर्डिंग बहुधा असं असतं: ‘आईशी संवाद साधला. तिला मुलाच्या शिक्षणाचं महत्त्व पटवून दिलं. आई भावुक झाली. तिने मुलाला शाळेत पाठवण्याचं मान्य केलं.’

यातून काहीच कळत नाही. आयसीत, म्हणजे दर आठवड्याच्या वैयक्तिक चर्चेत, सुपरवायझरने विचारायला हवं: नेमकं काय पटवलंस? ‘भावुक’ म्हणजे काय, रडली, गप्प बसली, की उठून आत गेली? त्या वेळी खोलीत आणखी कोण होतं? मग तेच रेकॉर्डिंग पुन्हा लिहिलं जातं: ‘मी म्हटलं, शाळेत नाही गेला तर पुढे काय करेल? आई म्हणाली, काय करायचंय आता. मग ती भाजी निवडत राहिली. सासू दारात उभी होती. मी पुन्हा शाळेचा विषय काढला. आई म्हणाली, बरं, पाठवते.’

आता दिसतं की ते ‘बरं’ होकाराचं नव्हतं. सासूसमोर विषय संपवायला काढलेला तो शब्द होता. ‘काय करायचंय आता’ यातला ‘आता’ विद्यार्थ्याने ऐकलाच नाही. घरात अलीकडे काहीतरी घडलंय, आणि मूल शाळेत न येण्याचं कारण तिथे असू शकतं. पुढच्या भेटीत आईला एकटीला भेटायचं आणि शाळेचा विषय आपणहून काढायचा नाही, हे या दुसऱ्या रेकॉर्डिंगवरून ठरतं.

पुढे नोकरीत हेच लिखाण बालकल्याण समितीसमोर आणि बाल न्याय मंडळासमोर जातं. सामाजिक तपासणी अहवाल 15 दिवसांत द्यावा लागतो. ‘घरचं वातावरण चांगलं नाही’ असं मोघम वाक्य त्यात लिहिलं, तर त्यावर एखाद्या मुलाचं घरी जाणं अडू शकतं. खोल्या किती, घरात कोण कमावतं, मुलाची जबाबदारी घ्यायला नेमकं कोण तयार आहे आणि ते त्याने कोणत्या शब्दांत सांगितलं, एवढं लिहिता आलंच पाहिजे.

‘नोकरी कुणालाही मिळते’

सगळ्या समाजकार्यकर्त्यांची नोंदणी करणारी राष्ट्रीय परिषद भारतात नाही, आणि अनेक कंत्राटी जागांवर कुठलीही पदवी चालते. तिथे पगारही कमी असतो. हे लपवण्यात अर्थ नाही. पण सगळीच दारं अशी उघडी नाहीत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 मध्ये मनोविकार सामाजिक कार्यकर्त्याची व्याख्याच समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचं एमफिल अशी आहे.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या माहितीपत्रकापेक्षा दुसऱ्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना गाठा. आयसी दर आठवड्याला होते का, किती वेळ चालते? एका शिक्षकाकडे किती विद्यार्थी? संस्थेत सुपरवायझर म्हणून कोण असतं, आणि ते स्वतः केसेस बघतात का? केसमधलं काहीही न विचारता एवढंच विचारा, की तुमच्या रेकॉर्डिंगच्या समासात सर-मॅडम काय लिहितात. प्रश्न लिहितात असं उत्तर आलं तर फॉर्म भरा. नुसती सही असते म्हणाले, तर दुसरं कॉलेज बघा.