बल्लारशाहचा साग एकदाच मोजावा

चंद्रपूर जिल्ह्याच्या लाकूड उद्योगाविषयी एक मजकूर सध्या मोबाइलवर फिरतो आहे. बल्लारशाहच्या डेपोतील लिलावाची रक्कम, आरागिरण्यांची विक्री, फर्निचरच्या दुकानांचा गल्ला आणि बल्लारपूरच्या कागद कारखान्याची उलाढाल यांची त्यात सरळ बेरीज केली आहे, आणि त्या बेरजेवरून जिल्ह्याच्या उत्पन्नात लाकडाचा वाटा किती हे ठरवले आहे. अयोध्येतील मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये इथून साग गेला याचा अभिमान मलाही आहे. म्हणूनच ही बेरीज तपासून घेणे मला आवश्यक वाटते.

मुख्य आक्षेप बेरजेच्या रीतीवरच आहे. समजा, डेपोत एक लाट, म्हणजे गोल ओंडका, १०० रुपयांना विकली गेली, आरागिरणीने चिरून ती १६० रुपयांना विकली आणि सुताराने त्याच लाकडाचे कपाट करून ३०० रुपयांना दिले. (आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत.) मजकुराच्या रीतीने हे उत्पादन ५६० रुपयांचे होते, प्रत्यक्षात गिऱ्हाइकाच्या घरी ३०० रुपयांचे एकच कपाट पोहोचले आहे. मूल्यवर्धनाच्या हिशेबात, म्हणजे प्रत्येकाने किमतीत घातलेली भर तेवढीच मोजली, तर लाटेचे १०० रुपये वनक्षेत्राकडे जातात, गिरणीच्या वाट्याला ६० आणि सुताराच्या वाट्याला १४० येतात, आणि त्यांतूनही डिझेल, वीज, बिजागऱ्या, पॉलिश यांचा खर्च वजा करावा लागतो, कारण तो माल दुसऱ्या कुणी तरी तयार केलेला असतो. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्ह्याचे उत्पन्न याच मूल्यवर्धनाच्या आधारे काढते. वर उलाढाल आणि खाली मूल्यवर्धन ठेवून काढलेल्या टक्केवारीला त्यामुळे काहीच अर्थ उरत नाही.

लिलाव बल्लारशाहला झाला म्हणून लाकूड चंद्रपूरचे ठरत नाही. गडचिरोलीच्या जंगलात वाढलेल्या आणि तिथेच तोडलेल्या सागाचे वनउत्पन्न गडचिरोलीच्या खात्यावर पडते. चंद्रपूरच्या वाट्याला पुढची चिराई, वाहतूक आणि व्यापार तेवढा येतो. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत दोन्ही मिळून एकच जिल्हा होता, त्यामुळे बोलण्यात सरमिसळ होणे स्वाभाविक आहे, पण हिशेबात ती चालणार नाही.

डेपोतील घनमीटरांना दुकानातील कापीव लाकडाच्या दराने गुणण्याची चूकही मजकुरात आहे. लाटेच्या मध्यावर टेप गुंडाळून घेर घ्यायचा, त्याच्या चौथ्या भागाचा वर्ग करायचा आणि त्याला लांबीने गुणायचे, ही आपल्याकडची मोजणीची जुनी रीत. या रीतीने गोल लाटेचे खरे घनफळ सुमारे २१ टक्क्यांनी कमी भरते, कारण चिराईत वाया जाणारा भाग तिने आधीच अंदाजाने सोडलेला असतो. तरीही करवतीखाली सालपट, ढलप्या आणि भुसा निघतोच, शिवाय सगळ्या लाटा सरळ आणि निर्दोष नसतात. डेपोतील घनमीटर आणि दुकानातील घनमीटर ही म्हणूनच दोन वेगळी मापे आहेत.

मजकुरातील रोजगाराच्या आकड्याबद्दल थोडक्यात सांगायचे, तर हंगामात काही महिने तोडीवर जाणारा मजूर आणि कारखान्यातील बारमाही कामगार यांना एकेक रोजगार म्हणून बेरजेत धरता येत नाही. दोघांचेही दिवस मोजावे लागतात.

लाकडाच्या वाट्याचा आकडा फुगलेला आहे, याहूनही मला अधिक खटकते ते त्यातून सुटलेले काम. कारखान्यांच्या वार्षिक पाहणीत मुख्यतः नोंदणी झालेले, किमान ठरावीक संख्येचे कामगार असलेले कारखाने येतात. दोन-तीन माणसांचा सुतारखाना त्यात येत नाही. उद्योगांच्या सरकारी वर्गीकरणातही लाकूड व लाकडी वस्तूंचा विभाग १६, कागदाचा १७ आणि फर्निचरचा ३१ असल्यामुळे एकच रकाना पाहणाऱ्याला अर्धवट चित्र दिसते.

बांबूच्या कामाचे तर मजकुरात नावही नाही. सवलतीच्या दराने मिळालेला बांबू फोडून, त्याच्या पातळ कामट्या काढून सूप विणणारी बुरूड बाई बाजारातून जे पैसे आणते, त्यांतून बांबूची किंमत वजा केली की उरणारी जवळजवळ सगळी रक्कम मूल्यवर्धनच असते. कागद कारखान्याच्या विक्रीतून मात्र लगद्याचे लाकूड, रसायने, कोळसा आणि वीज यांचा मोठा खर्च आधी वजा होतो. त्या बाईची गणना असंघटित उद्योगांच्या वेगळ्या पाहणीतून होते, आणि ती पाहणी मजकूर लिहिणाऱ्याने उघडलेली दिसत नाही.