नोंदी वाढल्या म्हणजे गुन्हे वाढले?

'एका वर्षात गुन्हे दुप्पट! परिसर दुप्पट धोकादायक, पोलीस निकामी' अशा अर्थाचा संदेश एका तक्त्यासह सारखा फिरत असतो. तक्त्यातला आकडा बहुतेकदा खरा असतो. त्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र टिकत नाहीत.

'दुप्पट गुन्हे घडले.' तक्ता घडलेले गुन्हे मोजतच नाही, दाखल झालेले मोजतो. इंग्लंड-वेल्समध्ये 2014 साली पोलिसांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा लोकांनी कळवलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे 19 टक्के दप्तरी लागलेच नव्हते. हिंसेच्या गुन्ह्यांत तर 33 टक्के. नोंदी सुधारल्या आणि पुढच्या वर्षांत हिंसेचे आकडे झपाट्याने चढले. पण लोकांनाच 'तुमच्या बाबतीत काही घडलं का' असं थेट विचारणाऱ्या सर्वेक्षणात तशी वाढ नव्हती.

दिल्लीत बलात्काराचे दाखल गुन्हे 2012 मध्ये 706 होते, 2013 मध्ये 1,636. मधे काय झालं? डिसेंबर 2012 चं निर्भया सामूहिक बलात्कार प्रकरण, देशभरचा संताप आणि मग नवा कायदा. त्याने बलात्काराची व्याख्या रुंदावली, शिवाय अशी फिर्याद नोंदवून न घेणारा पोलीसच शिक्षेस पात्र ठरू लागला. बारा महिन्यांत पुरुष दुपटीने क्रूर झाले, यापेक्षा आजवर गप्प बसवलेल्या बायका ठाण्याची पायरी चढल्या, हे मला कितीतरी जास्त पटतं. त्यांच्या धैर्याला 'बिघडलेली परिस्थिती' म्हणणं अन्याय आहे.

'पोलीस निकामी.' अमली पदार्थ, बेकायदा शस्त्रं यांची फिर्याद द्यायला सहसा कुणी येत नाही. छापा पडला की गुन्हा दाखल होतो, त्यामुळे मोहिमेच्या महिन्यात आकडा फुगणारच. उलट तक्रारदाराला 'उद्या या' म्हणून परत पाठवणाऱ्या ठाण्याचा तक्ता छान दिसतो. मला भीती वाटते ती त्या तक्त्याची.

आणि 'दुप्पट'चं म्हणाल तर तीनाचे सहा झाले तरी दुप्पटच.

खरी वाढ शोधायची तर आधी खून आणि वाहनचोरी पाहा. खून सहसा दडपता येत नाही, आणि विम्यासाठी एफआयआर लागतो म्हणून गाडीचा मालक ठाण्यात जातोच. हे आकडे लोकसंख्येच्या प्रमाणात, पाच वर्षांचे, शेजारच्या हद्दींसोबत मांडा. तिथेही ते सलग चढताना दिसले, तर जाब विचारायला मीही तुमच्यासोबत येईन.