साथीला गिलमोर

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या चाहत्यांकडून मी कित्येक वर्षं एकच वाक्य ऐकत आलोय. त्या बँडचा गिटारवादक डेव्हिड गिलमोरने बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीबरोबर जे वाजवलं ते मैत्रीखातर, त्यात 'खरा' गिलमोर नाही. काल एका मित्राने पुन्हा तेच ऐकवलं आणि मला राहवेना.

१९८४ सालचं पॉलचं 'नो मोअर लोन्ली नाइट्स' हे गाणं आज पुन्हा ऐका. चाल सरळ, कुणालाही गुणगुणता येईल अशी. मध्ये आणि शेवटी गिलमोरची गिटार येते. फ्लॉइडच्या 'कम्फर्टेबली नम्ब'मध्ये तार ओढून सूर रडवणारा तोच हात, पण इथे जागा मोजकी आहे. 'एकोज'सारख्या तेवीस मिनिटांच्या रचनेत रमणारा हा माणूस इथे थोडक्यात सगळं सांगतो. आपल्याकडे याला साथ म्हणतात. गायकाने जागा सोडली की भरायची, तो परत आला की मागे सरकायचं. मैफिलींना जाणाऱ्यांना विचारा, अशी साथ करणारे किती सापडतात!

मुळात बीटल्स आणि फ्लॉइड ही दोन घराणी आपण पाडली आहेत. त्यांचा वाडा एकच होता. १९६७ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बीटल्स 'सार्जंट पेपर' हा अल्बम करत होते, तेव्हा फ्लॉइड त्याच इमारतीत पहिला अल्बम ध्वनिमुद्रित करत होते. त्यांचा निर्माता नॉर्मन स्मिथ आधी बीटल्सचा इंजिनिअर होता. बीटल्सच्या शेवटच्या दिवसांत तिथे सहायक असलेला ॲलन पार्सन्स पुढे फ्लॉइडच्या 'डार्क साइड ऑफ द मून'चा इंजिनिअर झाला. फ्लॉइडसारखाच लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचा म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉकचा बँड 'येस', त्याचा ड्रमर ॲलन व्हाइटही १९७२ मध्ये येसमध्ये येण्याआधी बीटल्सच्या जॉन लेननच्या 'इमॅजिन' अल्बमवर वाजवून आला होता. प्रोग्रेसिव्ह रॉकवाले पॉपला तुच्छ मानत होते, असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा बघावं.

पण मला खरं बोलायचंय ते पॉलच्या 'रन डेव्हिल रन' या अल्बमबद्दल.

एप्रिल १९९८ मध्ये पॉलची बायको लिंडा मॅकार्टनी गेली. पुढच्या वर्षी पॉल पुन्हा ॲबी रोडला गेला, तो पोरवयात ऐकलेली रॉक अँड रोलची गाणी घेऊन. तीन नवी, बाकी सगळी जुनी. गिटारवर गिलमोर आणि मिक ग्रीन, ड्रम्सवर बहुतेक ठिकाणी डीप पर्पल या रॉक बँडचा इयन पेस. फार तालीम नाही, घोटून घोटून घेणं नाही, थोड्या दिवसांत काम आटोपलं. एकेका अल्बमवर महिनोन्‌महिने घालवणाऱ्या फ्लॉइडच्या माणसाने हे मान्य केलं, हीच मला मोठी गोष्ट वाटते.

त्यातलं 'नो अदर बेबी' मी शंभरदा तरी ऐकलं असेल. तुझ्याशिवाय दुसरं कुणी नको, एवढंच ते गाणं सांगतं. पण नुकतीच बायको गेलेला माणूस ते गातोय हे ठाऊक असलं की प्रत्येक ओळ जड होते. गिटार त्या आवाजाच्या पुढे कुठेही जात नाही. गिलमोरला तिथे कुणाचंही काळीज पिळवटणारा सोलो सहज वाजवता आला असता. पण दुःख पॉलचं होतं. ते त्याचंच राहू दिलं, यात मला गिलमोर सगळ्यात मोठा दिसतो.

मग १४ डिसेंबर १९९९. बीटल्स सुरुवातीच्या दिवसांत जिथे वाजवायचे तो लिव्हरपूलचा कॅव्हर्न क्लब, नव्याने बांधलेला, जेमतेम तीनशे माणसं मावतील एवढा. हीच मंडळी तिथे वाजवायला उभी राहिली. त्या रात्रीचं चित्रीकरण मिळतं, जरूर बघा. बीटल्सचं एकच गाणं झालं, 'आय सॉ हर स्टँडिंग देअर'. बीटल्सच्या रेकॉर्डी ऐकत गिटार शिकलेला गिलमोर तेव्हा त्रेपन्न वर्षांचा होता. मैदानंच्या मैदानं भरवणारा तो माणूस त्या तळघरातल्या छोट्याशा स्टेजवर पॉलच्या बाजूला उभा राहून गिटार वाजवत होता, मागचा सूर धरत होता.