उलटा कॉम्प्युटर, सुलटे जिभाऊ

वेतनवाढ अडू नये म्हणून मी 2004 साली एमएस-सीआयटी केलं. वेतनवाढ मिळाली, तिच्यातून बायकोने मिक्सर घेतला, तो मिक्सर जळून भंगारातही गेला. पण भाऊबंदकीच्या लेखी मी अजून 'कॉम्प्युटरवाला'च आहे. जळगावपासून शिरपूरपर्यंत कोणाचाही प्रिंटर कागद चावायला लागला की फोन मला येतो.

त्यात आमचं मूळ गाव अमळनेर. 1945 साली वनस्पती तुपाच्या धंद्यासाठी इथे सुरू झालेली विप्रो पुढे कॉम्प्युटरमध्ये शिरली, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तेलवाल्यांना जमलं, मग तुला काय धाड भरलीय, असा त्याचा मथितार्थ.

फोनवरचं निदान म्हणजे वैद्याने दाराबाहेरून नाडी बघणं.

"काय दिसतंय?"

"इंग्रजीमा काहीतरी व्हतं."

"काय लिहिलं होतं?"

"काय माहीत. मी ओके दाबी टाकं."

फोटो पाठवा म्हणावं तर मॉनिटरचा मोबाइलने काढलेला फोटो येतो. त्यात ट्यूबलाइट, अंगठा आणि बनियनवरच्या चुलतभावाचं प्रतिबिंब एवढं स्पष्ट दिसतं. चूक तेवढी दिसत नाही. विंडोज, शिफ्ट आणि एस या तीन कळा एकदम दाबा, हवा तेवढा चौकोन माउसने ओढा, चित्र तयार; हे मी घरटी एकदा शिकवलंय. चुलतभाऊ म्हणतो, मोबाइल हातातच असतो ना.

सगळ्यांत जुने पेशंट म्हणजे जिभाऊ, माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी घराण्याची वंशावळ लिहायला घेतली, तीही वर्ड 2003 मध्ये. नवं वर्ड त्यांना पटत नाही. एकदा सकाळी सहाला फोन: "बापू, पूर्वज गायब व्हई राहयनात."

मी जाऊन बघितलं. पणजोबांच्या नावाआधी 'कै.' घालायला जावं, तर ते 'कै.' पणजोबांचीच अक्षरं गिळत होतं. जिभाऊंनी हा पितृदोष मानून बायकोला, म्हणजे आमच्या जिजीला, पान वाढायलाही सांगितलं होतं. खरी गोष्ट एवढीच की डिलीटच्या डोक्यावरची इन्सर्ट नावाची कळ चुकून दाबली गेली होती. त्या जुन्या वर्डमध्ये ती दाबली की नवं अक्षर पुढच्याला सरकवत नाही, त्याच्या छाताडावर बसतं. पुन्हा दाबली की भूत उतरतं. मग मी कंट्रोल-झेड दाबत गेलो आणि एकेक पूर्वज परत येत गेला. जिजीने हात जोडले. फाइल बंद केली की ही संजीवनी संपते, हे मी तिला सांगितलं नाही.

ती वंशावळ छापायला दिली तर दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर सात पिढ्या टक्के, कंस आणि इंग्रजी अक्षरं होऊन उभ्या राहिल्या. जुन्या मराठी फॉन्टांची ही खोड. आपली अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर बसवलेली. फॉन्ट नसला की खुर्चीचा मूळ मालक हजर. युनिकोडमध्ये आपल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, आणि विंडोज 10 मध्ये 2019 सालच्या मेपासून उच्चाराप्रमाणे टाइप करायचा मराठी कीबोर्डही आयता मिळतो. जिभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि जुन्या फॉन्टातच पुढची पिढी लिहायला घेतली.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पॅसेंजरने अमळनेरला गेलो. बाहेर असं ऊन की कावळाही सावली सोडेना. आमरसात बुडवून खापरावरचे चार मांडे हाणले, आता ओसरीत आडवं व्हायचं, तोच जिभाऊ म्हणाले, "कॉम्प्युटर जरा जड चाली राहयना."

"शेवटचा रीस्टार्ट कधी केला?"

"रोज शट डाउन करस ना मी!"

गोम तिथेच आहे. आपल्याला वाटतं, शट डाउन म्हणजे गाढ झोप आणि रीस्टार्ट म्हणजे डुलकी. प्रत्यक्षात उलटं. 2012 साली विंडोज 8 आलं तेव्हापासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असली की शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलून पुढे चालू होतो. म्हणजे कालचं खरकटं आजच्या ताटात. रीस्टार्टमध्ये मात्र भांडी घासली जातात. म्हणून 'बंद करून चालू केला, तरी तेच' अशी तक्रार आली की मी रीस्टार्ट सांगतो. निम्म्या वेळा गुण येतो. उरलेल्या निम्म्या वेळा कॉम्प्युटर आणि मी एकमेकांकडे बघतो.

रीस्टार्ट केला. जरा हलका चालला. तेवढ्यात माझं लक्ष मॉनिटरकडे गेलं. जिजीने विणलेलं झाकण वरून घातलेलं, दोन्ही बाजूंना विटा, पाठीमागे उशी. आणि कंपनीचं नाव वरच्या काठावर, तेही शीर्षासनात.

महिन्यापूर्वीचा फोन आठवला: 'स्क्रीन उलटी व्हई गयी.' काही जुन्या ग्राफिक्समध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि खालचा बाण एकदम दाबले गेले की चित्र डोक्यावर उभं राहतं. वरचा बाण दाबला की पायावर. ते मी फोनवर तीनदा सांगितलं होतं. चौथ्या दिवशी फोन थांबले, तेव्हा माझ्या समजावण्याला यश आलं असं मी धरून चाललो होतो.

"तुम्ही मॉनिटरच उलटा केला?"

"मंग!" जिभाऊंच्या चेहऱ्यावर असा तजेला मी त्यांच्या निवृत्तीच्या सत्कारातही पाहिला नव्हता. आणि नवल म्हणजे सगळं बिनचूक चालत होतं. चित्र उलटं, मॉनिटर उलटा. दोन उलट्यांचं सुलट. माउससुद्धा बरोबर जात होता.

शहाण्या माणसाने इथे चहा मागितला असता. माझ्यातला एमएस-सीआयटी जागा झाला. कंट्रोल, ऑल्ट, वरचा बाण. सात पिढ्या जागच्या जागी कोलांटी मारून खाली डोकं वर पाय झाल्या आणि माउस डावीकडे नेला की बाण उजवीकडे पळू लागला.

"बिघाडी टाकं रे भो!" जिभाऊ ओरडले. आतून जिजी, शेजारून दोन पोरं आणि वामकुक्षीतून चुलतभाऊ धावत आले. महिनाभर धड चालणारा कॉम्प्युटर जळगावच्या माणसाने दोन मिनिटांत बिघडवला, याला आता पाच साक्षीदार झाले.

मी घामाघूम होत विटा काढल्या, उशी काढली, मॉनिटर फिरवायला झाकण उचललं. वर आलेल्या स्टँडच्या सपाट पाटावर जिभाऊंचा चष्मा, बीपीच्या गोळ्या आणि तंबाखूची डबी ओळीने मांडलेली होती. ती एकेक खाली उतरवून मॉनिटर पायावर उभा केला. चित्र सरळ, नाव सरळ, माउस सरळ. पूर्वज सगळे जागेवर.

जिभाऊंनी मॉनिटरचा नुसता धारदार काठ बोटाने चाचपून पाहिला. मग हातातल्या डबीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मंग आते मनी डबी कोठे ठेवू?"