‘मांजर आठवडाभर एकटं राहतं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सुट्ट्या जवळ आल्या की प्राणी पाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच असतं. बोर्डिंग, म्हणजे मालक गावाला गेल्यावर पैसे घेऊन प्राणी सांभाळणारी जागा, हा लोकांना घाबरवून पैसे काढायचा धंदा आहे. मांजराला कुणी लागत नाही, दोन वाडगे भरून ठेवले की आठवडा निघतो. कुत्र्याला बोर्डिंगमध्ये ठेवलं की त्याला वाटतं आपल्याला टाकून दिलं, तो मालकाला विसरतो, आणि परत आल्यावर तो पूर्वीसारखा राहत नाही. लसीचं कार्ड मागणं म्हणजे कमिशनचा मामला. अगदीच ठेवावं लागलं तर निघण्याआधी झोपेची गोळी द्या. सगळ्यात उत्तम म्हणजे शेजाऱ्याकडे किल्ली देऊन जा.

हे लिहिणाऱ्याचं प्राण्यांवर प्रेम नाही असं मी म्हणत नाही. त्यातली किल्लीची सूचना मला बरीचशी पटतेही, तिच्याकडे शेवटी येते. पण बाकीच्या मजकुरात एकच गफलत पुन्हा पुन्हा होते. खाणं किती, पाणी किती, दिवस किती याचा हिशोब मेसेजमध्ये आहे. त्या जिवाकडे रोज बघणार कोण, हा प्रश्न मात्र कुठेच नाही. भरल्या वाडग्याशेजारीही प्राणी आजारी पडतो, आणि तो पडलाय हे कळायला माणूस लागतं.

मांजरापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्याने होतं.

मांजर एकट्याने शिकार करणारा प्राणी आहे, दिवसातले कितीतरी तास झोपून काढतं, अंगावर येऊन लाड मागेलच असं नाही. त्यावरून ‘त्याला कुणी लागत नाही’ असं म्हणणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठातला एक प्रयोग 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. मांजराच्या पिल्लांना मालकासोबत अनोळखी खोलीत 2 मिनिटं ठेवलं, मग 2 मिनिटं एकटं सोडलं, मग मालक परत आला. ज्या पिल्लांच्या वागण्याचं वर्गीकरण करता आलं, त्यांतली सुमारे 64 टक्के पिल्लं मालक दिसताच निवळली, थोडी जवळ आली आणि पुन्हा खोली हुंगायला लागली. तान्ह्या मुलांमध्येही हे प्रमाण साधारण एवढंच सापडतं. तेव्हा मांजराला माणसाचं काही नसतं, ही समजूत सोडून द्यायला हरकत नाही.

पण समजा, तुमचं मांजर खरोखरच तुसडं आहे. तरी शरीर तुसडं नसतं. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. खडे, स्फटिक किंवा चिकट स्राव अडकून ती बंद पडली की लघवी तुंबते, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदयाची लय बिघडते. उपचार मिळाले नाहीत तर दोन-तीन दिवसांत जीव जातो. मूत्राशयाच्या या त्रासाला ताण आणि दिनक्रमातला बदल हेही कारण ठरतं, म्हणजे तुम्ही गावाला गेल्यावर तो उद्भवण्याची शक्यता कमी होत नाही, वाढतेच. लिटर ट्रेमध्ये, म्हणजे शी-शूसाठी वाळू भरून ठेवलेल्या ट्रेमध्ये, पुन्हा पुन्हा जाऊन बसणारा, कुंथणारा, विव्हळणारा बोका त्याच दिवशी दवाखान्यात गेला तर बहुधा वाचतो. तुम्ही सहाव्या दिवशी दार उघडणार असाल तर काय उपयोग?

दुसरी गोष्ट उपासाची. मांजराने खाणं सोडलं की शरीर साठवलेली चरबी यकृताकडे पाठवतं, आणि मांजराचं यकृत ती झेपवू शकत नाही. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस काहीच खात नसेल तर यकृत निकामी व्हायला सुरुवात होऊ शकते. आणि मांजर खाणं का सोडतं? दात दुखतो म्हणून, सर्दीने वास येत नाही म्हणून, घर अचानक रिकामं झालं म्हणूनसुद्धा. शिवाय दुखणं लपवण्यात या प्राण्याचा हात कुणी धरणार नाही. घरात असलेल्या माणसालाही ते उशिरा कळतं.

इथे कुणीतरी ऑटोमॅटिक फीडर आणि कॅमेऱ्याचं नाव काढतंच. फीडर खाणं वाडग्यात टाकतो, ते पोटात गेलं की नाही हे त्याला ठाऊक नसतं. कॅमेरा चांगला, पण मांजर पलंगाखाली गेलं की संपलं. आणि दिसलंच काही, तर दार उघडून त्याला पिंजऱ्यात घालून नेणार कोण? उपकरणं माणसाच्या मदतीला असावीत, त्याच्या जागी नव्हे. न उपसलेल्या लिटर ट्रेबद्दल तर मेसेजमध्ये अवाक्षर नाही. चौथ्या दिवशी तो ट्रे बघून मांजर गादीवर शू करेल किंवा दाबून ठेवेल. दुसरा पर्याय जास्त वाईट.

माझं मत विचाराल तर धडधाकट, मोठं मांजर एखादी रात्र एकटं राहू शकतं. त्यापुढे रोज निदान एकदा कुणीतरी यायलाच हवं. पिल्लू, म्हातारं मांजर किंवा इन्सुलिनवर असलेलं मांजर यांच्यासाठी ती एक रात्रही नको.

आता कुत्र्याच्या ‘विसरण्या’कडे. चार्ल्स डार्विन 1836 मध्ये बीगल जहाजावरून जवळपास 5 वर्षांनी घरी परतला. त्याचा कुत्रा परक्या माणसांवर भडकणारा होता. डार्विनने मुद्दाम त्याची परीक्षा घेतली. तबेल्याशी जाऊन जुन्या पद्धतीने हाक मारली. कुत्र्याने आनंदाचं नाटकही केलं नाही, मुकाट बाहेर येऊन मागोमाग चालायला लागला, जणू अर्ध्या तासापूर्वीच ताटातूट झाली होती. ही एका कुत्र्याची गोष्ट झाली. पण बुडापेस्टमधल्या संशोधकांनी 1998 मध्ये तान्ह्या मुलांसाठी तयार झालेली ताटातुटीची चाचणी कुत्र्यांवर वापरली, तेव्हा कुत्रे मालक आणि परका माणूस यांच्याशी स्पष्ट वेगळे वागताना दिसले. असं नातं आठ दिवसांत पुसलं जात नाही.

ताण मात्र खरा असतो, तो नाकारायचं कारण नाही. बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यात आणलेल्या कुत्र्यांच्या रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, 1997 च्या एका अभ्यासात मोजलं गेलं. पहिल्या तीन दिवसांत ते चढलेलं होतं. जास्त दिवस राहिलेल्या कुत्र्यांमध्ये ते कमी होतं. निवारा आणि बोर्डिंग एक नव्हे, पण पहिले दिवस जड जातात हे दोन्हीकडे दिसतं. म्हणून पहिल्यांदाच थेट दहा दिवसांसाठी सोडणं चूक. आधी अर्धा दिवस, मग एक रात्र, आणि त्या रात्री तो जेवला का, झोपला का, हे विचारायचं. काही कुत्र्यांना बोर्डिंग मानवतच नाही. ज्यांना एकटेपणाची धास्ती आहे, ज्यांचं म्हातारपणी दिशाभान हरपलंय, जे नुकतेच दत्तक आलेत, त्यांच्यासाठी ओळखीच्या माणसाने घरी येऊन राहणंच बरं. मेसेजने एवढंच म्हटलं असतं तर मी तो पुढे पाठवला असता.

‘परत आल्यावर पूर्वीसारखा राहत नाही’ यातलं जे खरं आहे ते साधं आहे. कुत्रा एक-दोन दिवस खूप झोपतो, ढसाढसा पाणी पितो, भुंकून भुंकून आवाज बसलेला असतो, शी थोडी पातळ होते. याला मानसिक आघात म्हणायची घाई नको. पातळ शीचं कारण बरेचदा बदललेलं खाणं असतं. खाणं बदलायचं तर साधारण आठवडाभर थोडं थोडं मिसळत बदलायचं असतं, म्हणून सोबत घरचंच खाणं, दिवसाच्या पुड्या बांधून द्यावं. शीमध्ये रक्त दिसलं, खोकला लागला किंवा दिवस उलटून गेला तरी तोंड लावलं नाही, तर मात्र डॉक्टर.

लसीच्या कार्डावर मेसेजचा विशेष राग. यात एक कण खरा आहे: सगळ्या लसी दरवर्षी लागत नाहीत. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांची जागतिक संघटना डब्ल्यूएसएव्हीए सांगते की पिल्लूपणीचे डोस आणि पुढचा बूस्टर नीट झाल्यावर डिस्टेंपर, पार्वो अशा जीवघेण्या विषाणूजन्य आजारांवरच्या मूळ लसी मोठ्या कुत्र्याला 3 वर्षांतून एकदापेक्षा जास्त वेळा देण्याची गरज नसते. पण लेप्टोस्पायरा (लेप्टोचा जिवाणू) आणि केनेल कफ (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला) यांच्या लसींचं संरक्षण कमी टिकतं, त्या वर्षाला घ्याव्या लागतात. रेबीजला तर स्थानिक नियम लागू असतो. तेव्हा बोर्डिंगवाला ‘सगळंच दरवर्षी’ म्हणत असेल तर आपल्या पशुवैद्याला विचारून वाद घाला. कार्डच नको, असं म्हणू नका.

कारण पार्वोचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो आणि साध्या फिनेलला दाद देत नाही. आजारी कुत्रा समोर असावा लागत नाही, तो कधीकाळी तिथे येऊन गेलेला पुरतो. ज्या ठिकाणी तुमच्याकडे कार्ड मागत नाहीत, तिथे शेजारच्या कुत्र्याकडेही मागितलेलं नसतं. मी अशा दारातून परत फिरेन.

केनेल कफची लस घेऊनही कुत्रा खोकू शकतो, आणि मग ‘बघा, लस फुकट गेली’ अशी पोस्ट पडते. हा खोकला अनेक जंतूंमुळे होतो, लस त्यांतल्या काहींवरच आहे, आणि तिचं काम बहुतेकदा आजार सौम्य करणं हे असतं. निघायच्या आदल्या दिवशी टोचून घेण्यातही अर्थ नाही. नाकात दिली जाणारी लस काम करायला साधारण 3 दिवस घेते, इंजेक्शनची असेल तर पहिल्या खेपेला काही आठवड्यांच्या अंतराने 2 डोस लागतात. संसर्गानंतर लक्षणं दिसायला 2 ते 14 दिवस जातात. घरी आल्यावर आठवड्याने खोकला सुरू झाला तरी मूळ तिथलं असू शकतं, तेव्हा बोर्डिंगला फोन करून सांगा. भांडायला नव्हे, बाकीच्यांना सावध करता यावं म्हणून.

झोपेच्या गोळीवर थोडक्यात लिहिते, कारण यात चर्चेला जागाच नाही. घरातल्या डब्यातली कुठलीही गोळी द्यायची नाही. पॅरासिटामॉल मोडून काढण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळपास नसतेच. माणसाची एक गोळी मांजराला मारू शकते. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात आणि मूत्रपिंडात घात करतं. पूर्वी सर्रास दिलं जाणारं ॲसेप्रोमेझिन हे गुंगीचं औषध शरीर सुस्त करतं, भीती कमी करत नाही: प्राणी घाबरलेलाच असतो, फक्त हलू शकत नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना गुंगीत श्वास घेणं आणखी अवघड जातं. खरंच गरज असेल तर पशुवैद्य गॅबापेंटिनसारखं औषध देतात, आणि त्याचीही तालीम आधी घरी करायची असते. माणसांचं पातळ औषध परस्पर वापरू नका. काहींमध्ये गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल असतं, ते कुत्र्याला विष. जाता जाता, कुत्र्याच्या मानेवर लावायचं परमेथ्रिन असलेलं गोचिडाचं औषध मांजराला लावलं तर झटके येतात. ‘दोघांना एकच बाटली’ हा सल्लाही याच ग्रुपांवर वाचलाय.

राहिला ‘धंदा’. हो, धंदा आहे, आणि त्यात वाईट ठिकाणंही आहेत. फोटोत नेहमी हिरवळ आणि उड्या मारणारे कुत्रे दिसतात. रात्र कुणी फोटोत टाकत नाही. म्हणून रात्रीबद्दल विचारायचं: कुत्रा झोपतो ती जागा दाखवा, रात्री माणूस आवारात असतो की सकाळी येतो? टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालं. खेळायला सोडताना आकार आणि स्वभाव बघून गट करतात का? आजारी पडला तर कुठल्या दवाखान्यात नेणार, आणि तुमचा फोन लागला नाही तर निर्णय कोणाचा? हे आधी लिहून घ्या.

मांजराची खोली कुत्र्यांच्या नजरेपासून आणि आवाजापासून लांब हवी, आणि तिच्यात लपायला जागा हवी. नेदरलँड्समधल्या 2014 च्या एका प्रयोगात निवाऱ्यात नव्याने आलेल्या काही मांजरांना लपायला खोकं दिलं, काहींना दिलं नाही. खोकंवाली मांजरं पहिल्या काही दिवसांतच जास्त निवांत झाली. एका पुठ्ठ्याच्या खोक्याने एवढं होत असेल, आणि बोर्डिंगवाला ‘लपून बसू देत नाही, सवय लागते’ असं म्हणत असेल, तर त्याला मांजर कळत नाही.

आता किल्ली. मांजरासाठी शेजारी किंवा ओळखीचं माणूस घरी येणं हे बहुतेक वेळा बोर्डिंगपेक्षा सरस, कारण मांजराला जागा फार प्रिय. कुत्र्यासाठी नाही, त्याला दिवसातून निदान तीनदा बाहेर न्यावं लागतं, आणि शेजारी दोन दिवसांनी कंटाळतो. पण येणाऱ्याला ‘खाणं घाल’ एवढं सांगून भागत नाही. मांजर डोळ्यांनी दिसलंच पाहिजे, पलंगाखाली वाकून का होईना. ट्रेमधली शूची ढेकळं मोजायची आणि कालच्यापेक्षा कमी असतील तर लगेच कळवायचं. पिंजरा माळ्यावर नको, हाताशी हवा. दोरे, रिबनी, केसांचे रबर उचलून ठेवून जा, गिळले तर आतड्यात अडकतात. दवाखान्यात आधीच सांगून ठेवा की अमुक व्यक्ती मांजर घेऊन आली तर उपचार सुरू करा, खर्च माझा. आणि नवख्या माणसाने दार उघडताना मांजर निसटण्याचा धोका असतोच, तेव्हा कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवलेली असेल तर तिच्या 15 अंकी क्रमांकापुढे नोंदवलेला तुमचा फोन नंबर अजून तोच आहे का, हे निघण्याआधी तपासा.