तासाला हजार रुपये, "नुसतं तेल लावायचे"

मी घरोघरी जाऊन मसाज करतो. परवा एका क्लायंटनेच मला त्यांच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा स्क्रीनशॉट पाठवला. कुणीतरी माझा नंबर टाकलेला आणि खाली चर्चा रंगलेली. "तासाला हजार? नुसतं तेल लावायचे?" मग एका हुशार माणसाने गुणाकार मांडला, दहा तास गुणिले तीस दिवस, म्हणजे हा पठ्ठ्या महिन्याला तीन लाख छापतोय आणि आपण उगाच आयटीत घासतोय. खाली हसण्याच्या इमोजींची रांग.

राग वगैरे नाही आला, पण हाच गुणाकार या धंद्यात येऊ बघणाऱ्या पोरांच्या डोक्यातही असतो, म्हणून लिहितोय.

दिवसाला दहा मसाज होत नसतात हो. मी कोल्हापूरच्या तालमीत वाढलेलो, अंगात अजून थोडी रग आहे, तरी चारच्या वर गेलं की पाचव्या माणसाला नीट दाब मिळत नाही, नुसते हात फिरतात, आणि तसले पैसे घ्यायला मला जड जातं. स्पामध्ये पोरं-पोरी सहा-सहा सात-सात करतात, कारण पगार कमी आणि सगळा जीव इन्सेंटिव्ह आणि टिपवर. मग पहिला जातो तो अंगठा. अंगठ्याच्या बुडाशी जो सांधा असतो ना, तिथे कळ सुरू होते, आधी दाब देताना, मग बाटलीचं झाकण उघडताना, मग गाडीची किल्ली फिरवताना पण. अंगठा गेला की धंदा गेला, आणि घरी बसलास तर त्या दिवसाचे कुणी देत नाही.

तालमीत वस्ताद अंगठा लावूच द्यायचे नाहीत. तळहाताची टाच लावायची, कोपराखालचा हात लावायचा, आणि जोर खांद्यातून न काढता कमरेतून वजन टाकायचं. नंतर मी रीतसर कोर्स केला तिथेही हेच शिकवलं, फक्त इंग्रजीत आणि फी घेऊन 😄 टेबलाची उंची पण अशी लावतो की सरळ उभं राहून हात खाली सोडले की मुठी टेबलाला टेकल्या पाहिजेत. टेबल उंच झालं की खांदे भरतात, बुटकं झालं की कंबर.

आणि ते टेबल पंधराएक किलोचं. घडी करून ॲक्टिव्हावर पायापाशी आडवं, पुण्याचं ट्रॅफिक, मग गेटवर नोंद, मग वॉचमन सांगणार सर्व्हिस लिफ्टने जा, ती बंद असली तर थांबा. एका तासाच्या कामाला जाऊन-येऊन अडीच तास सहज जातात. घरी आलं की टॉवेल. तिळाच्या तेलाचे टॉवेल गरम पाण्यात भिजत घातले नाहीत तर कपाटात खवट वास मारतात, बायको तेवढ्यासाठी वेगळी बादली ठेवते. शनिवार-रविवार श्वास घ्यायला फुरसत नाही आणि मंगळवारी दुपारी मी घरी पंख्याकडे बघत असतो. करा आता गुणाकार.

सप्टेंबर 2025 मध्ये स्पा-सलूनचा जीएसटी 18 वरून 5 टक्के झाला तेव्हा दोघातिघांचे मेसेज, "मग तुमचा रेट कमी होणार ना?" अहो, माझी उलाढाल जीएसटी सुरू होतो त्या वीस लाखाच्या आतबाहेर सोडा, जवळपासही नाही, मी जीएसटी कधी लावलाच नव्हता तर कमी काय करू.

बरं, "नुसतं तेल लावायचे" याबद्दल. मागे एक काका, मुलीकडे अमेरिकेला जाऊन आलेले, म्हणाले डावी पोटरी धरलीय, जरा जोरात रगड. बघितलं तर एकच पोटरी सुजलेली, हाताला गरम लागत होती, दाबलं की दुखत होतं. लांबच्या विमानप्रवासानंतर असं असलं तर आत रक्ताची गाठ असू शकते, आणि ती रगडल्याने सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जाऊ शकतो. मी मालिश केली नाही, टेबल उघडलंच नाही, म्हटलं काका आत्ताच्या आत्ता डॉक्टर. ते चिडले, "एवढ्या लांबून आलास तर थोडं तरी कर." पुढे रिपोर्टमध्ये काय निघालं ते त्यांचं खासगी. त्या दिवसाची कमाई शून्य, पेट्रोल माझं. कुठे हात लावायचा नाही हे कळायलाच जास्त वर्षं लागतात आणि त्याचं बिल करता येत नाही.

इज्जतीचं तर बोलूच नका. तालमीत थोरल्या पैलवानाची मालिश करायला मिळाली की पोरं फुशारकी मारायची. इथे रात्री अकराला फोन, "लेडीज आहे का, एक्स्ट्रा काय?" मी पुरुष, शिवी हासडून झोपतो. माझ्याबरोबर कोर्स केलेल्या मुलींना हे रोजचं. त्यातली एक मिझोरामची, उत्तम हात आहे तिचा, घरमालकाला व्यवसाय सांगितला की खोली "आत्ताच गेली" म्हणे. पेपरात मसाज सेंटरवरच्या छाप्याची बातमी आली की चार दिवस आम्हाला सगळ्यांना तिरक्या नजरा.

ॲपवर काम करणाऱ्यांसाठी नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय, कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधीत टाकायचे असं त्यात आहे. हातात पडेल तेव्हा खरं, पण निदान कागदावर तरी आलं. माझ्यासारख्या सुट्या माणसाला ई-श्रम कार्ड, म्हणजे असंघटित कामगाराची सरकारी नोंद, आणि देवाची दया.

तरी धंदा वाईट नाही, हेही लिहितो. शिकायचं असेल तर या, पण आधी दिवसाला तीन धरून हिशोब मांडा, त्यात घर चालत असेल तरच.

आणि नरकचतुर्दशीला पहाटे चारला या म्हणणाऱ्यांनो, त्या दिवशी माझ्या घरी पण उटणं असतं, मी येणार नाही. दर हजारच राहील. मंगळवारी दुपारी घेणाऱ्याला शंभर कमी.